घणसोलीचा रात्रीचा वास आणि एका छपाई कारखान्यातला सॉल्व्हंटचा हिशोब

काकूंच्या वहीच्या पहिल्या पानाचा फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. नवी मुंबईत घणसोलीच्या एका सोसायटीत त्या चौथ्या मजल्यावर राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे वही कशी ठेवायची हे त्यांना सांगावं लागत नाही. दोनशे पानी वहीत पट्टीनं रेघा मारून त्यांनी चार रकाने केले होते: तारीख, वेळ, खिडकी कोणती, वास कसा. बहुतेक नोंदी रात्री साडेदहा ते पहाटे साडेसहाच्या. खिडकी पूर्वेची. वासाच्या रकान्यात एकच वर्णन पुन्हा पुन्हा येत होतं: ‘नेलपॉलिश पुसायच्या बाटलीसारखा, गोडसर, डोकं धरतं.’

मला मात्र काकूंनी बोलावलं नव्हतं. मी कारखान्यांच्या हवेच्या प्रदूषणावर काम करते, ऑफिस ठाण्यात आहे. मला बोलावलं होतं टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक वसाहतीतल्या एका छपाई कारखान्याच्या मालकांनी. चिवडा, मसाले, बिस्किटं यांच्या पाकिटांची प्लास्टिक फिल्म तिथे छापली जाते आणि दुसऱ्या फिल्मला चिकटवून लॅमिनेट केली जाते. शाई आणि गोंद पातळ ठेवायला सॉल्व्हंट, म्हणजे लगेच उडून जाणारे द्रव, वापरतात. कोरलेल्या सिलिंडरनं छापणारं आठ रंगांचं एक ग्रॅव्ह्युअर मशीन, एक लॅमिनेटर, दिवसाचे वीस तास काम. सोसायटीची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेली होती, तपासणी दिवसा झाली होती आणि वास आला नव्हता. चिमणीच्या आधी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची टाकी बसवलेली होती आणि मंडळाच्या संमतीपत्रातही तिचा उल्लेख होता. मालक मला म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे कार्बन बेड आहे. मग वास आमचा कसा?”

प्रश्न प्रामाणिक होता. त्याचं उत्तर शोधायला तीन आठवडे लागले आणि ते चिमणीत सापडलं नाही, स्टोअरच्या रजिस्टरमध्ये सापडलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. कारखान्याचं नाव आणि प्लॉट नंबर देत नाही. आकडे हिशोब कळायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, एकमेकांशी त्यांचं प्रमाण तेच ठेवलं आहे.

वास रात्रीचाच का

काकूंकडे मी पहिल्यांदा गेले ती दुपारी तीन वाजता. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, “अगं, दिवसा येऊन तुला काय मिळणार? रात्री ये.”

त्यांचं बरोबर होतं, आणि त्याचं कारण जमिनीच्या ठेवणीत आहे. पूर्वेला पारसिकचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी औद्योगिक वसाहत, मग ठाणे-बेलापूर रस्ता, त्याच्या पश्चिमेला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे ही वस्ती आणि शेवटी खाडी. दिवसा वारा खाडीकडून डोंगराकडे वाहतो आणि कारखान्यांची हवा वस्तीपासून दूर नेतो. सूर्य मावळल्यावर डोंगराचा उतार लवकर थंड होतो, त्याला लागलेली हवा जड होऊन खाली सरकते आणि वसाहतीवरून वस्तीकडे येते. थंडीत याच वेळी जमिनीलगत थंड हवा आणि वर ऊबदार हवा असा थर तयार होतो. खालची हवा वर चढत नाही, सॉल्व्हंटची वाफ विरळ होत नाही. दुपारी चारला आणि पहाटे चारला कारखान्यातून तेवढीच वाफ निघत असली तरी नाकापर्यंत पोचणारी मात्रा कितीतरी वेगळी असते.

मोबाइलवरचा हवेचा निर्देशांक त्या रात्रींना ‘समाधानकारक’ दाखवायचा, म्हणून सोसायटीतले काहीजण काकूंना वेड्यात काढत होते. त्यात काकूंचा दोष नव्हता. तो निर्देशांक धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं यांवरून काढतात. सेंद्रिय वाफा त्यात धरलेल्याच नाहीत. देशाच्या २००९ च्या हवा-गुणवत्ता मानकांत बारा प्रदूषकं आहेत, त्यांत बेंझिनला वर्षाच्या सरासरीत घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. पण नेलपॉलिशसारखा वास देणारं इथाइल अ‍ॅसिटेट त्या बारांत नाही. अ‍ॅप हिरवं आणि खोली वासानं भरलेली, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. शिवाय याच बाष्पशील सेंद्रिय संयुगांपासून, म्हणजे व्हीओसींपासून, उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडांबरोबर जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. रात्रीचा वास विरला तरी त्या संयुगांचं काम दिवसा चालूच असतं.

रात्री अकराला पुन्हा गेले. पूर्वेची खिडकी उघडली आणि मला वासाची ओळख पटायला एक श्वास पुरला. खाद्यपदार्थांच्या वेष्टनाच्या शाईत टोल्यूईन नको, असं भारतीय मानक १५४९५ च्या २०२० च्या आवृत्तीनं ठरवल्यापासून हे कारखाने मुख्यतः इथाइल अ‍ॅसिटेट, प्रोपाइल अ‍ॅसिटेट आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलवर चालतात. वास त्याच कुटुंबातला होता.

वहीत आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे माझं लक्ष काकूंनीच वेधलं. कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या रात्रीही नोंदी होत्या. मशीन बंद, आणि तरी वास.

कार्बनची टाकी

नारळाच्या करवंटीपासून केलेला चांगला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आतून इतका सच्छिद्र असतो की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात भरतो. चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन. सॉल्व्हंटचे रेणू त्या भिंतींना चिकटतात आणि स्वच्छ हवा पुढे जाते. पण जमीन कितीही असली तरी ती भरते. असल्या कामात कार्बन आपल्या वजनाच्या दहा ते वीस टक्के सॉल्व्हंट धरतो, तेही हवा थंड आणि कोरडी असेल तर. हवा चाळीस अंशांच्या वर गेली की पकड ढिली होते. आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की पाणीच जागा अडवायला लागतं, आणि नवी मुंबईत पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच येते.

या टाकीत १००० किलो कार्बन होता. ड्रायरची हवा थेट तिच्यात जात होती, टाकीपाशी मोजली तेव्हा तापमान ५५ अंश. डक्टमध्ये हवेचा वेग मोजणारी पिटो नळी घालून प्रवाह काढला: तासाला १०,००० घनमीटर. टाकीच्या आधी सॉल्व्हंटचं प्रमाण घनमीटरला १.३ ग्रॅम. म्हणजे टाकीत तासाला १३ किलो सॉल्व्हंट शिरत होतं.

आता गणित करा. उदार होऊन कार्बनची क्षमता १५ टक्के धरली तरी १००० किलो कार्बन १५० किलो सॉल्व्हंट धरेल. तासाला १३ किलोच्या हिशोबानं तो साडेअकरा तासांत भरतो. सकाळी सुरू केलेली नवी टाकी रात्रीच्या जेवणापर्यंत संपली. कार्बन मात्र दर सहा महिन्यांनी बदलला जात होता. साडेअकरा तासांचं सामान तीन हजारांहून जास्त तास वापरात.

टाकीच्या नंतर मोजलं तर काही वेळा आधीपेक्षा आकडा जास्त आला. सुपरवायझरला वाटलं मीटर बिघडला. बिघडला नव्हता. भरलेल्या कार्बनवर प्रोपाइल अ‍ॅसिटेटसारखं जड सॉल्व्हंट येऊन बसलं की ते आधी बसलेल्या हलक्या सॉल्व्हंटला ढकलून बाहेर काढतं. आणि सुट्टीच्या रात्रीचं कोडंही इथेच सुटलं. शाईच्या खोलीची हवा त्याच डक्टला जोडलेली असल्यानं ब्लोअर सुट्टीलाही चालू ठेवत. त्या दिवशी भरलेल्या कार्बनवरून जवळजवळ स्वच्छ हवा वाहायची आणि कार्बन आपल्यात साठवलेलं हळूहळू सोडून द्यायचा. प्रदूषण थांबवायला बसवलेली टाकी सुट्टीच्या रात्री स्वतःच उगम झाली होती.

चिमणीचे जुने तपासणी अहवाल फाइलीत नीट लावलेले होते. त्यांत धूलिकण होते, सल्फर डायऑक्साइड होता. व्हीओसीचा रकाना नव्हता. टाकी चालते की नाही, हे कुणी तिला विचारलंच नव्हतं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी अशाच टाकीच्या आराखड्यावर मी सही केली होती. हवेचा प्रवाह पाहिला, टाकीतला वेग पाहिला, दाब पाहिला. तासाला किती किलो सॉल्व्हंट येणार आणि कार्बन किती दिवस पुरणार, ही एक ओळ त्या आराखड्यात नव्हती. त्या लोकांना मी नंतर कळवलं. पण तोवर दोन हिवाळे गेले होते.

जमाखर्च

कार्बन ताजा भरून दर बारा तासांनी बदलणं कुणालाच परवडणारं नव्हतं. मोठी टाकी, नवं तंत्रज्ञान, कोटेशनं अशी चर्चा सुरू झाली. मी मालकांना म्हटलं, आधी मला गेल्या तीन महिन्यांचं स्टोअर रजिस्टर द्या.

महिन्याची सरासरी अशी निघाली. सुटं सॉल्व्हंट ५० पिंपं, पिंपात १८० किलो, म्हणजे ९००० किलो. शाई आणि गोंद येतात त्यांतच सॉल्व्हंट असतं, ते साधारण ५००० किलो. एकूण जमा १४,००० किलो.

आता खर्च. छापलेल्या फिल्ममध्ये किती जातं? पाकीट बनवणारे ग्राहक चौरस मीटरला काही मिलिग्रॅमच सॉल्व्हंट खपवून घेतात, नाहीतर चिवड्याला वास लागतो. महिन्याला दहा लाख चौरस मीटर फिल्म आणि चौरस मीटरला ५ मिलिग्रॅम धरले तर होतात ५ किलो. मालासोबत बाहेर जाणारं सॉल्व्हंट जवळजवळ शून्य. शाईचा गाळ आणि खराब थिनर तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे जातात, त्यांतलं सॉल्व्हंट सुमारे १००० किलो. बाकी राहिले १३,००० किलो. ते पाण्यात नाहीत, मालात नाहीत, पिंपांत नाहीत. जायला एकच जागा उरते. सव्वीस दिवस, वीस तास: तासाला २५ किलो हवेत.

आणि डक्टमध्ये सापडले होते १३ किलो.

उरलेले १२ किलो चिमणीपर्यंत जातच नव्हते. छतावरच्या फिरत्या व्हेंटिलेटरांतून, खिडक्यांतून, उघड्या शटरमधून ते निघून जात होते. दिवसाला २४० किलो, म्हणजे रोज एका पिंपाहून जास्त. मालकांनी तो आकडा कॅल्क्युलेटरवर स्वतः पुन्हा काढून पाहिला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. पिंपाचा भाव त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत होता.

जगातलं सर्वांत चांगलं यंत्र चिमणीवर बसवलं असतं तरी ते या १२ किलोंना हात लावू शकलं नसतं. म्हणून मी कुठल्याही कारखान्यात आता यंत्राच्या आधी हा जमाखर्च मागते. त्याला मीटर लागत नाही, स्टोअरचा माणूस आणि अर्धा दिवस पुरतो.

धुण्याची जागा

१२ किलो कुठून निघतात, ते शोधायला हातात धरायचा पीआयडी मीटर, म्हणजे सेंद्रिय वाफा अतिनील दिव्यानं ओळखून मोजणारा, घेऊन दोन दिवस फिरले. या मीटरबद्दल एक सांगून ठेवते, कारण त्यावरून चुकीचे निष्कर्ष काढलेले मी पुष्कळदा पाहिले आहेत. तो आकडा आयसोब्युटिलिन या एका ठरावीक वायूच्या मापात दाखवतो. नेहमीच्या १०.६ ईव्हीच्या दिव्याला इथाइल अ‍ॅसिटेट कमी दिसतं, म्हणून आकड्याला साधारण ४.६ नं गुणावं लागतं. टोल्यूईनला उलट अर्ध्यानं. मीटरवर ४० दिसलं तर इथाइल अ‍ॅसिटेट १८० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १८० भागांच्या) पुढे असतं.

आठ रंगांचे आठ ट्रे, फिल्मच्या रुंदीएवढे लांब, सगळे उघडे. खाली शाईच्या बादल्या, त्याही उघड्या. शाईतलं सॉल्व्हंट उडतं, शाई घट्ट होते, ऑपरेटर ती तळाला भोक असलेल्या कपात भरून गळायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर पाहतो, सेकंद वाढलेले दिसतात, तो थिनर ओततो. मग तेही उडतं. पन्नास पिंपांतली कितीतरी पिंपं याच चक्रात जात होती. ड्रायरच्या फटींपाशी फिल्मची पातळ पट्टी धरून पाहिली (उदबत्ती इथे चालत नाही, एक ठिणगी पुरते) तर पट्टी आत ओढली जाण्याऐवजी बाहेर फडफडत होती. आत फेकणाऱ्या ब्लोअरचा जोर बाहेर ओढणाऱ्यापेक्षा जास्त झाला होता आणि ड्रायर सॉल्व्हंटची गरम वाफ हॉलमध्ये ढकलत होता. दोन डँपर, म्हणजे डक्टमधल्या झडपा, फिरवायचं काम. कुणी केव्हा हलवले, ते कुणालाच आठवत नव्हतं.

सर्वांत मोठा आकडा मागच्या कोपऱ्यात लागला. तिथे ट्रे आणि डॉक्टर ब्लेडचे, म्हणजे जादा शाई खरवडणाऱ्या पात्यांचे, खाचे धुतात. ते काम करणाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. मामा बावीस वर्षं तिथे आहेत. उघड्या टबात थिनर, हातात ब्रश, तोंडाला रुमाल. मीटर १५० वर गेला, म्हणजे जवळपास ६९० पीपीएम. आठ तासांच्या कामासाठी इथाइल अ‍ॅसिटेटची सर्वसाधारण मानलेली मर्यादा ४०० आहे.

“डोकं दुखतं का?” मी विचारलं.

“ताई, दुखतं ते रोजचंच. सुट्टीच्या दिवशी नाही दुखत,” मामा म्हणाले, आणि ट्रे उलटा करून पुन्हा घासायला लागले.

काकूंच्या खिडकीपर्यंत पोचेपर्यंत ही वाफ हजारपट विरळ झालेली असते. मामांच्या नाकापाशी ती विरळ व्हायला वावच नव्हता. तक्रारीची वही काकूंनी ठेवली, मामांनी कधीच ठेवली नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी मी मालकांना कळवलं की बाकी सगळ्याच्या आधी हा कोपरा बंद व्हायला हवा. तो दुसऱ्याच दिवशी बंद झाला, हे इथे मुद्दाम नोंदवते. झाकणाचं धुण्याचं मशीन येईपर्यंत ओढणारा पंखा, योग्य कार्ट्रिजचा मास्क आणि दोन-दोन तासांच्या पाळ्या लावल्या.

पर्याय, आणि ते का नाकारले

दरम्यान कोटेशनं आली होती. एका विक्रेत्यानं चिल्ड वॉटरचा कंडेन्सर सुचवला: हवा ५ अंशांपर्यंत थंड करा, सॉल्व्हंट द्रव होऊन परत मिळेल. ऐकायला फार चांगलं वाटतं, म्हणून याचं गणित पूर्ण देते. ५ अंशांना इथाइल अ‍ॅसिटेटचा बाष्पदाब पाऱ्याच्या साधारण ३३ मिलिमीटर असतो. म्हणजे त्या तापमानाला हवा घनमीटरला दीडशे ग्रॅमहून जास्त इथाइल अ‍ॅसिटेट आरामात वाफ म्हणून धरून ठेवते. आपल्या हवेत आहेत १.३ ग्रॅम. एक थेंबसुद्धा पडणार नाही. दव पडायला सुरुवात व्हायची तर हवा उणे ५० अंशांच्याही खाली न्यावी लागेल, आणि तिथे आधी हवेतल्या पाण्याचा बर्फ होऊन नळ्या तुंबतील. रिअ‍ॅक्टरच्या व्हेंटसारख्या ठिकाणी, जिथे हवा थोडी आणि वाफ दाट असते, तिथे कंडेन्सरला तोड नाही. ड्रायरच्या विरळ हवेत त्याला काम नाही.

पाण्याचा स्क्रबर अल्कोहोल धुऊन काढेल, अ‍ॅसिटेट थोडंफार, आणि मग ते सगळं सांडपाण्यात उतरेल. बायोफिल्टरमध्ये खताच्या थरातले जिवाणू सॉल्व्हंट खातात आणि सौम्य वासाच्या हवेला ते फार सुंदर काम करतं, पण हवेला थरात पाऊण मिनिट थांबवायचं तर १२५ घनमीटरचा थर हवा. या प्लॉटवर ट्रक वळवायलाही जागा नाही. अतिनील दिवे आणि ओझोनच्या पेट्या ग्रॅममध्ये मोजायच्या सॉल्व्हंटला पुरत नाहीत आणि अर्धवट जळलेली अल्डिहाइडं मागे ठेवू शकतात. त्या मी कुठल्याही छपाई कारखान्याला सुचवणार नाही.

कार्बनवर सॉल्व्हंट धरून, गरम करून ते परत मिळवणं हा खरा स्पर्धक होता. पण वाफेनं सोडवलं तर इथाइल अ‍ॅसिटेट पाण्यात मिसळतं, थोडं फुटून अ‍ॅसिटिक आम्ल होतं आणि भांडी खातं. नायट्रोजननं सोडवता येतं, पण मग हाती येतं तीन-चार सॉल्व्हंटांचं मिश्रण, जे शाईत परत घालता येत नाही. अधूनमधून एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) वापरत होते, आणि कीटोन कार्बनवर तापून बेडला आग लागण्याची भीती असते. एकच सॉल्व्हंट वापरणारा मोठा कारखाना असता तर मी हाच मार्ग सुचवला असता.

उरलं जाळणं. रिजनरेटिव्ह थर्मल ऑक्सिडायझरमध्ये हवा तापलेल्या सिरॅमिकच्या थरातून वर जाते, ८०० अंशांच्या आसपास जेमतेम सेकंदभर राहते, सॉल्व्हंटचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, आणि बाहेर पडताना ती आपली उष्णता दुसऱ्या थराला देऊन जाते. थोड्या वेळानं दिशा उलटते. साधारण ९५ टक्के उष्णता परत मिळते. मालकांची भीती गॅसच्या बिलाची होती, आणि तिथेच पुन्हा तो जमाखर्च कामी आला.

हवा ५० अंशांवरून ८०० वर न्यायची, त्यातली ९५ टक्के उष्णता परत मिळते, म्हणजे दर फेरीला सुमारे ३८ अंशांचा खड्डा भरायचा. इथाइल अ‍ॅसिटेट जळताना ग्रॅमला सुमारे २३ किलोज्यूल देतं. घनमीटरला १.३ ग्रॅम असेल तर हवा पंचवीसेक अंशच तापते, बाकी गॅस जाळा. पण हॉलमध्ये उडणारं सॉल्व्हंटही पकडून घनमीटरला २.५ ग्रॅम केलं तर हवा ४५ अंशांच्या आसपास तापते. खड्डा सॉल्व्हंटच भरतं, गॅस फक्त सकाळी पेटवायला. हॉल जितका स्वच्छ, गॅसचं बिल तितकं कमी.

मग हवाच कमी का करू नये? इथाइल अ‍ॅसिटेट हवेत दोन टक्क्यांच्या वर गेलं की पेट घेऊ शकतं, म्हणजे घनमीटरला ७० ग्रॅमच्या पुढे. सुरक्षिततेसाठी त्याच्या पाव हिश्श्याच्या आत राहतात. आपण १.३ ग्रॅमवर होतो, मर्यादेपासून फार लांब. ड्रायरची काही हवा, वाफेच्या मीटरच्या देखरेखीखाली, परत ड्रायरमध्ये फिरवली की बाहेर जाणारी हवा निम्म्याहून कमी होते आणि ऑक्सिडायझर तेवढाच लहान लागतो. उत्प्रेरकावर ३०० ते ४०० अंशांत जाळणारा प्रकारही पाहिला, पण काही शायांत सिलिकोनचे मिश्रक असतात आणि सिलिकॉन उत्प्रेरकाला कायमचं मारतो.

एक इशारा शेजाऱ्यांसाठी. याच वसाहतीत मिथिलीन डायक्लोराइड वापरणारे औषधांचे कारखाने आहेत. त्यांनी हे वाचून ऑक्सिडायझर मागवू नये. क्लोरीन असलेलं सॉल्व्हंट जाळलं की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. त्यासाठी वेगळी धातू, मागे अल्कलीचा स्क्रबर आणि डायऑक्सिन होऊ नये म्हणून झटपट थंड करणं, एवढं सगळं लागतं. त्यांच्या दाट व्हेंटना खोल गारठ्याचं कंडेन्सेशन हाच पहिला विचार असावा.

वर्षभरात काय झालं

सर्वांत मोठा फरक कुठल्याही शुद्धीकरण यंत्रानं पडला नाही. लॅमिनेशनचा गोंद बदलला. सॉल्व्हंटलेस गोंदात सॉल्व्हंट नसतंच, त्यामुळे जुन्या गोंदातलं आणि तो पातळ करायला लागणारं मिळून महिन्याचं ५००० किलो इथाइल अ‍ॅसिटेट एका फटक्यात यादीतून गेलं. त्याला नवा लॅमिनेटर लागला, आणि रोल पक्का व्हायला दोनेक दिवस थांबावं लागतं म्हणून पाकिटांची वेळापत्रकं कोलमडली. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरीच्या काळात यावरून दोन ग्राहकांशी मालकांचे खटके उडाले. त्यांनी माघार घेतली नाही.

ट्रेंवर झाकणं आली, शाईला बंद टाक्या आणि पंप आले, व्हिस्कॉसिटीचं, म्हणजे शाईच्या घट्टपणाचं, नियंत्रण आपोआप झालं. चिंध्या पायानं उघडणाऱ्या झाकणाच्या डब्यात. खराब थिनर आवारातल्या छोट्या डिस्टिलेशनमध्ये शुद्ध होऊन पुन्हा धुण्याला. १४,००० किलोंची जमा ७५०० वर आली. बाहेर जाणारी हवा तासाला ४००० घनमीटर, तिच्यात घनमीटरला ३ ग्रॅम, म्हणजे तासाला १२ किलो ऑक्सिडायझरकडे. बाहेर पडताना घनमीटरला ६० मिलिग्रॅम. हॉलमधून अजून दीडेक किलो निसटतं. तासाला २५ किलोंच्या जागी पावणेदोन.

मामांच्या कोपऱ्यातला मीटर आता ५ ते ८ दाखवतो. मामांना मी डोक्याबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, “आता संध्याकाळी नातवाला घेऊन खाली जातो.”

पहाटे चारची नोंद

ऑक्सिडायझर डिसेंबरात सुरू झाला आणि काकूंची वही पहिल्यांदा तीन आठवडे कोरी राहिली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. “काल पहाटे चार ते पावणेसहा. तोच.”

कारखान्यातल्या नोंदी काढल्या. पावणेचारला वीज गेली होती. जनरेटरवर मशीन सुरू झालं, ऑक्सिडायझर पुन्हा तापायला वेळ लागत होता. संक्रांतीच्या तिळगुळाच्या पाकिटांची ऑर्डर सकाळी निघायची होती. पाळीवरच्या माणसानं बायपासचा डँपर उघडला आणि छपाई चालू ठेवली. पावणेदोन तास सगळं सॉल्व्हंट थेट आकाशात. त्या माणसाला मी दोष देत नाही. बायपास उघडा असताना मशीन चालू शकतं, अशी रचना आम्हीच ठेवली होती. आता डँपरला स्विच लावून तो मशीनच्या मुख्य ड्राइव्हला जोडला आहे: ऑक्सिडायझर पुरेसा तापलेला नसेल किंवा बायपास उघडा असेल तर छपाईचा सिलिंडर फिरतच नाही.

मालक स्वतः काकूंकडे गेले आणि त्या रात्री काय झालं ते त्यांना सांगितलं. काकूंनी त्या ओळीपुढे पाचवा रकाना आखला, ‘कारण’, आणि त्यात लिहिलं: ‘वीज गेली, बायपास. कळवले.’ मग चार पानं उलटून त्यांनी आम्हा दोघांना दुसऱ्या काही ओळी दाखवल्या, वेगळ्या शाईतल्या. कुजक्या कांद्यासारखा वास, पहाटे तीन, वायव्येची खिडकी.

“हा तुमचा नाही, ते मला कळतं,” त्या म्हणाल्या. “पण हा कुणाचा?”